ओतीव ॲल्युमिनियम : तीन गुण एका जागी का नांदत नाहीत



भारतातून आणलेली हिंडालियमची कढई ठेवावी की टाकावी, हा प्रश्न सध्या आपल्या पुष्कळ घरांत विचारला जात आहे. लॉडमध्ये, अश्दोदमध्ये, ठाण्यात आणि इथे ब्रॅकनेलमध्येही. नुसते "ठेवा" किंवा "टाका" एवढे उत्तर देऊन भागणार नाही. भांडे कशाचे ओतले, का ओतले आणि त्यात काय मिसळले, हे समजले म्हणजे ज्याने त्याने आपल्या घरापुरता निर्णय घ्यावा. म्हणून या लेखात ॲल्युमिनियमच्या ओतकामाची गोष्ट सोप्या रीतीने सांगतो.

ओतणे हा शब्द

हिब्रूत ओतकामाला 'यत्सिका' म्हणतात. त्यातला धातू, म्हणजे व्याकरणातला धातू, 'यात्साक' : ओतणे. याकोबाने बेथेल येथे दगडावर तेल ओतले तिथे हेच क्रियापद आहे. आणि राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात सोरच्या हिराम कारागिराने मंदिराची पितळी पात्रे ओतली तिथेही हेच आहे. ते ओतकाम यार्देनच्या खोऱ्यात, सुक्कोथ आणि सारथान यांच्या मधल्या चिकणमातीच्या जमिनीत झाले असे तिथे लिहिले आहे. साच्यासाठी माती चिकण हवी, हे कारागिरांना तेव्हाही ठाऊक होते. ज्यांच्या वाडवडिलांनी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल काढले, त्या आपल्याला तेल आणि धातू एकाच क्रियापदाने ओतले जातात याचे कौतुक वाटावे.

हिरामच्या काळी ॲल्युमिनियम मात्र नव्हते. तो धातू जमिनीत भरपूर आहे, पण प्राणवायूला इतका घट्ट धरून बसतो की त्याला सोडवायला वीज लागते. ती रीत १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी वेगवेगळी शोधली. त्याचा दगड म्हणजे बॉक्साइट, आपल्या कोकणातल्या जांभ्याचा सख्खा भाऊ. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरीच्या पठारावरचा बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जातो. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतही तो सापडतो. म्हणजे आपल्या गावच्या जांभ्याच्या घराच्या भिंती आणि स्वयंपाकघरातला टोप यांचे नाते आहे.

शुद्ध धातूची अडचण

शुद्ध ॲल्युमिनियम हलके असते. लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे. वीज आणि उष्णता उत्तम वाहून नेते. मग ते वितळवून सरळ साच्यात का ओतू नये?

आपला चिकाचा हलवा आठवा. तो थाळीत ओतताना पातळ असेल तर चारी कडांपर्यंत आपोआप पोहोचतो. आटून घट्ट झाला असेल तर मधेच ढीग होऊन बसतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच अंशाला थिजते. पातळ भिंतीच्या साच्यात ते कोपऱ्यापर्यंत जाण्याआधीच थिजते. दुसरी अडचण आकसण्याची. बरणीत ओतलेले तूप थिजले की मध्यभागी खळगा पडतो ना? ॲल्युमिनियम थिजताना आकारमानाने सहा-साडेसहा टक्के आकसते. तो खळगा वर पडला तर दिसतो. आत पडला तर पोकळी राहते आणि वस्तू तिथेच तडकते. तिसरी अडचण म्हणजे पोलादी साच्याला ते चिकटते.

तरीही लोकांनी ते ओतले. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमध्ये एका पायावर उभा असलेला पंखांचा मुलगा, ज्याला सगळे 'इरॉस' म्हणतात, तो आल्फ्रेड गिल्बर्टने घडवला आणि १८९३ मध्ये तिथे बसवला. तो ओतीव ॲल्युमिनियमचा आहे. हलका धातू असल्यामुळेच त्याला तसे एका पायावर उभे करणे सोपे गेले. पण पुतळ्याला इंजिनासारखे हादरे बसत नाहीत. यंत्राच्या भागांना एवढ्यावर चालत नाही.

पहिला गुण : चांगले ओतले जाणे

इथे सिलिकॉन मदतीला येते. वाळूतले मूलद्रव्य ते हेच. ॲल्युमिनियममध्ये शेकडा बारा-साडेबारा सिलिकॉन मिसळले की वितळबिंदू ५७७ अंशांपर्यंत उतरतो. रस पातळ होतो. सिलिकॉन थिजताना पुष्कळ उष्णता सोडते, म्हणून रस जास्त वेळ वाहता राहतो. आणि आणखी एक गंमत : पाण्याचा बर्फ होताना जसा फुगतो, तसे सिलिकॉनही थिजताना फुगते. त्यामुळे ॲल्युमिनियमचे आकसणे काही अंशी भरून निघते.

पण सिलिकॉनचे चपटे, धारदार तुकडे धातूत पसरतात आणि वस्तू ठिसूळ होते. १९२० च्या सुमारास अलादार पाच नावाच्या संशोधकाने रसात किंचित सोडियम घालून पाहिले. तेव्हा ते तुकडे बारीक, तंतूंसारखे झाले आणि वस्तूची चिवटाई वाढली. आज पुष्कळदा सोडियमऐवजी स्ट्रॉन्शियम वापरतात. चिमूटभर घालायचे, पण त्यावाचून चालत नाही, स्वयंपाकातल्या हिंगासारखे.

दुसरा गुण : ताकद

ताकदीसाठी तांबे किंवा मॅग्नेशियम मिसळतात. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म या धातुशास्त्रज्ञाने ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि मॅग्नेशियम घातले, तो तुकडा तापवून पाण्यात विझवला आणि ठेवून दिला. काही दिवसांनी पाहतो तो तुकडा आपोआप कठीण झालेला! त्यातूनच ड्युरॅल्युमिन निघाले आणि विमाने बांधता येऊ लागली.

हे का होते? पत्त्यांचा कॅट हातात घ्या. पाने एकमेकांवरून सहज सरकतात. आता पानांमध्ये साखरेचे दाणे टाका. पाने अडतात. धातू वाकतो म्हणजे त्यातल्या अणूंचे थर सरकतात. विझवलेल्या धातूत अडकलेले तांब्याचे किंवा मॅग्नेशियमचे अणू हळूहळू एकत्र येऊन बारीक कण बनतात, आणि ते कण थरांना अडवतात. म्हणून ताकद वाढते. कारखान्यात वाट न बघता हे काम भट्टीत उरकतात : आधी सुमारे ५४० अंशांवर काही तास ठेवणे, मग पाण्यात विझवणे, मग १६०-१७० अंशांवर पुन्हा काही तास.

पहिल्या महायुद्धाच्या काळात टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत 'वाय' नावाची मिश्रधातू तयार झाली : सुमारे चार टक्के तांबे, दोन टक्के निकेल, दीड टक्का मॅग्नेशियम. ती तापली तरी ताकद सोडत नसे, म्हणून विमानाच्या इंजिनाच्या पिस्टनसाठी ती उत्तम ठरली. पुढे तिच्यातूनच रोल्स-रॉइसच्या मिश्रधातू निघाल्या. त्या तयार करणारी हाय ड्यूटी अलॉइज ही कंपनी स्लाउ इथली. आमच्या ब्रॅकनेलपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावर. तिच्या मालाचे नाव होते 'हिड्युमिनियम'. कानाला ते आपल्या 'हिंडालियम'सारखे लागते, पण दोघांचे कूळ निराळे. हिंडालियम हे नाव हिंदुस्थान ॲल्युमिनियमवरून आले.

तिसरा गुण : वाहकता

आता वादाचे मूळ. दादरच्या पुलावर सकाळच्या वेळी माणसे रांगेने चालत असतात. सगळे एका चालीने चालले तर गर्दी असूनही वाट अडत नाही. पण मधेच कोणी गाठोडे घेऊन उभा राहिला, की धक्काबुक्की आणि खोळंबा. धातूत वीज वाहते म्हणजे इलेक्ट्रॉन अणूंच्या शिस्तीच्या रांगांमधून चालतात. परका अणू विरघळून रांगेत शिरला की तो गाठोडेवाला झाला. इलेक्ट्रॉन त्याला आपटून विखुरतात. उष्णताही बहुतेक याच इलेक्ट्रॉनांमार्फत जाते, म्हणून वीज अडली की उष्णताही अडते.

म्हणजे ओतण्यासाठी आणि ताकदीसाठी जे मिसळावे, तेच वाहकतेच्या आड येते. काही आकडे पाहू. तांब्याची वीजवाहकता १०० धरली आणि ताकद म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीचा तुकडा साधारण किती किलो वजन पेलतो असे धरले, तर :

शुद्ध ॲल्युमिनियम : वाहकता सुमारे ६२, ताकद ८ किलो, ओतायला अवघड.
एलएम ६, बारा टक्के सिलिकॉन : वाहकता ३७, ताकद १६ किलो किंवा थोडी अधिक, ओतायला फार चांगली.
एलएम २५, सात टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम, भट्टीत पक्की केलेली : वाहकता ३९, ताकद २३ ते २८ किलो, ओतायला चांगली.
एलएम २४, आठ टक्के सिलिकॉन आणि साडेतीन टक्के तांबे, दाबाने ओतलेली : वाहकता २४, ताकद ३२ किलो, ओतायला उत्तम.

'एलएम' ही ब्रिटिश मानकातली नावे आहेत. भारतातल्या ओतशाळांमध्येही ती अजून तोंडात आहेत.

आकड्यांकडे नीट पाहा. एलएम २५ मध्ये ताकद वाढूनही वाहकता एलएम ६ पेक्षा कमी झालेली नाही. कारण भट्टीत मॅग्नेशियमचे विरघळलेले अणू रांगेतून निघून कणांमध्ये गोळा झाले. गाठोडेवाले पुलाच्या कोपऱ्यात जाऊन बसले म्हणा. बाकीचे चालू लागले. याच तत्त्वावर धातू आणखी जास्त वेळ भट्टीत ठेवला तर वाहकता अजून सुधारते, पण कण मोठे आणि विरळ होतात आणि ताकद कमी होते. फुकट काहीच मिळत नाही.

मग एलएम २४ सुद्धा भट्टीत पक्की का करत नाहीत? दाबाने झटकन ओतताना रसाबरोबर हवाही आत कोंडली जाते. ती वस्तू ५४० अंशांवर तापवली तर फोड येतात, पापड भाजताना येतात तसे. म्हणून स्वस्त आणि भराभर ओतण्याच्या रीतीत हा उपाय बहुधा करता येत नाही.

घरातली तीन उदाहरणे

पहिले, छताचा पंखा. त्याच्या मोटरच्या फिरत्या भागात पोलादी पत्र्यांच्या खाचांमधून ॲल्युमिनियमचा एक पिंजरा ओतलेला असतो. त्यातून वीज वाहते आणि पंखा फिरतो. हा पिंजरा शेकडा ९९.७ किंवा त्याहून शुद्ध धातूचा हवा. वाहकता कमी पडली की मोटर तापते आणि विजेचे बिल वाढते. ओतायला त्रास होतो तो कारखाना सोसतो. ताकदीची गरज थोडी, कारण पंखा मिनिटाला तीन-चारशे फेरे घेतो. शुद्ध धातूतही टायटेनियम आणि व्हॅनेडियमचा अंश असला तर तो वाहकतेला फार मारक. म्हणून रसात थोडे बोरॉन घालतात. ते या दोघांना पकडून तळाशी बसवते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यासारखे.

दुसरे, बजाज चेतक स्कूटर. १९७२ मध्ये पुण्याच्या आकुर्डीहून आली आणि किती घरांचे वाहन झाली! तिच्या इंजिनाचे कवच दाबाने ओतलेले. तिथे गुंतागुंतीचा आकार आणि ताकद महत्त्वाची. पण माथ्यावरच्या पंखेदार झाकणाला उष्णता बाहेर टाकायची असते, पिस्टनला तापूनही फुगायचे नसते. एकाच इंजिनात तीन भाग, तिघांची गरज वेगळी, म्हणून तिघांची मिश्रधातूही वेगळी. ब्रॅकनेलच्या रकाल कंपनीने १९५० च्या दशकात जो आरए-१७ रेडिओ काढला, त्याचीही चौकट ओतीव ॲल्युमिनियमचीच. मजबुती आणि बाहेरच्या लहरींपासून आडोसा, दोन्ही तिने दिले.

तिसरे, विजेवर चालणारी मोटार. इथे खरी पंचाईत आहे. तिच्या मोटरचा पिंजराही वीज वाहतो, पण तो मिनिटाला पंधरा हजारांहून अधिक फेरे घेऊ शकतो. शुद्ध ॲल्युमिनियमची कडी त्या वेगाला बाहेर ताणली जाते. तांब्याचा पिंजरा करावा तर तांबे १०८५ अंशांना वितळते, साचे लवकर खराब होतात आणि वजन वाढते. म्हणून आता तिन्ही गुण एकत्र आणणाऱ्या मिश्रधातूंचा शोध चालू आहे. एक वाट निकेलची. निकेल घट्ट झालेल्या ॲल्युमिनियममध्ये जवळजवळ विरघळतच नाही. फार तर दहा हजारांत पाच भाग. सुमारे सहा टक्के घातले तर रस चांगला वाहतो, थिजताना निकेलचे कण वेगळे होऊन ताकद देतात, आणि मधला ॲल्युमिनियमचा रस्ता बराचसा मोकळा राहतो. गाठोडेवाल्यांना रांगेत शिरूच न देण्याची ही युक्ती.

जिथे एका धातूने भागत नाही तिथे काम वाटूनही देतात. खांबांवरच्या विजेच्या जाड तारा पाहा. बाहेर शुद्ध ॲल्युमिनियमच्या तारा वीज नेतात, मधली पोलादी तार वजन पेलते.

आता आपली कढई

भांड्याला काय हवे? उष्णता सारखी पसरावी, तळ वाकू नये, आणि अन्नात काही उतरू नये. पहिल्या दोन गोष्टी कोणत्याही जाड ओतीव ॲल्युमिनियममध्ये मिळतात. अडचण तिसऱ्या गोष्टीची आहे.

चांगल्या कारखान्यात माहीत असलेल्या धातूचे भांडे करतात. पण लहान भट्टीवाला भंगार घेतो. आणि वर पाहिले तसे, इंजिनाच्या भंगारात सिलिकॉन भरपूर, म्हणून ते साच्यात सुरेख ओतले जाते. स्वस्त, सोपे, दिसायला चकचकीत. परंतु ती मिश्रधातू इंजिनासाठी होती, अन्नासाठी नव्हे. इंजिनाच्या ओतीव धातूंच्या मानकात थोडे शिसेही चालवून घेतलेले असते, कारण मोटारीच्या इंजिनातून कोणी जेवत नाही. शिवाय भंगारात जुने रेडिएटर, झाळ लावलेले भाग, रंग लावलेले तुकडेही येतात. शिसे घट्ट ॲल्युमिनियममध्ये विरघळत नाही. बारीक थेंबांच्या रूपात वेगळे राहते. आंबट पदार्थ शिजताना ते अन्नात उतरू शकते.

ही नुसती शंका नाही. आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात भंगारातून ओतलेल्या भांड्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांतून शिसे उतरताना दिसले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाहेरून आलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियम किंवा इंडालियम नावाने विकल्या जाणाऱ्या भांड्यांमधून अन्नात शिसे उतरू शकते असा इशारा दिला. याचा अर्थ हिंडालियम नावाचे प्रत्येक भांडे वाईट असा नाही. नाव एक असले तरी आतला धातू एक असेलच असे नाही, हा त्याचा अर्थ.

शिशाला चव नाही, वास नाही, रंग नाही. भांडे घासून, वाजवून किंवा उन्हात धरून ते कळत नाही. मोठ्यांनाही ते अपाय करते, पण सर्वांत जास्त इजा लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला आणि गरोदर स्त्रीच्या पोटातल्या बाळाला होते. म्हणजे आजी ज्या कढईत नातवंडांसाठी प्रेमाने कालवण करते, तिथेच जपायला हवे.

म्हणून माझे सांगणे असे :

ज्या ओतीव भांड्याचा कारखाना आणि धातू ठाऊक नाही, ते स्वयंपाकातून काढून टाकावे. फार आठवणीचे असेल तर शोभेला ठेवावे, पण दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नये.

आमसूल, चिंच, टोमॅटो, लिंबू घातलेले पदार्थ कोणत्याही उघड्या ॲल्युमिनियममध्ये शिजवू नयेत आणि रात्रभर ठेवू तर मुळीच नयेत. त्यांना स्टेनलेस स्टील बरे.

जड, जाड तळ हवा असेल तर बिडाचा तवा किंवा मान्यताप्राप्त कंपनीचे स्टीलचे भांडे घ्यावे.

जुन्या भांड्यात वर्षानुवर्षे स्वयंपाक झाला असेल आणि घरात लहान मूल असेल, तर डॉक्टरांना सांगून मुलाच्या रक्तातले शिसे तपासून घ्यावे. साधी तपासणी आहे. घाबरण्याचे कारण नाही, पण टाळण्याचेही नाही.

शाळेत मी मुलांना सांगत असे की धातूला चांगला किंवा वाईट म्हणू नका. तो कोणत्या कामासाठी केला ते आधी विचारा. पंख्यातला शुद्ध धातू इंजिनाचे कवच म्हणून टिकणार नाही, आणि इंजिनाचा धातू पंख्यात घातला तर मोटर तापेल. तसाच तो चुलीवरही आणू नये. तेव्हा पुढच्या वेळी मुंबईहून कोणी भांडे आणणार असेल, तर आधी विचारा : कुठल्या कारखान्याचे, आणि कशाचे? उत्तर मिळाले नाही तर तो पैसा हलव्याच्या चिकाला खर्च करा.